आपली वस्ती का बदलली? प्लेन विल्हेम्सच्या उपनगरांची कथा

आमच्या सभेत दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येते. गणेश चतुर्थीची तयारी सुरू होते, कामांची वाटणी होते, आणि मग कोणी ज्येष्ठ सदस्य म्हणतात, "पूर्वी या रस्त्यावर सगळी आपलीच घरे होती. आता आपली माणसे उरलीत कुठे?" दोनचार माना डोलतात. कोणी नव्या इमारतीकडे बोट दाखवतो, कोणी कारखान्याच्या कामगारांच्या वसतिगृहाकडे, तर कोणी मळ्याच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या बंगल्यांकडे. न बोलता सगळ्यांच्या मनात एकच निष्कर्ष येतो: दुसरे आले म्हणून आपण कमी झालो.

या स्मरणिकेसाठी काय लिहावे याचा विचार करताना आम्हाला वाटले की याच वाक्याची तपासणी करावी. पूर्वजांच्या कष्टांचे स्मरण आपण करतोच आणि करत राहू. पण जहाजातून उतरल्यानंतर ती माणसे कुठे राहिली, तिथून कुठे गेली आणि का गेली, हा इतिहास आपण फारसा लिहिलेला नाही. तो पाहिला तर वरच्या वाक्याचे उत्तर बरेच वेगळे निघते. त्यासाठी आपण प्लेन विल्हेम्स जिल्हा घेऊ. बो बासें, रोझ हिल, कात्र बोर्न, फिनिक्स, वाक्वा, फ्लोरेआल आणि क्युरपिप ही एकमेकांना चिकटलेली उपनगरे याच जिल्ह्यात आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांची घरेही इथेच आहेत.

मळ्यावरची छावणी

१८३४ पासून शर्तबंद मजूर मॉरिशसला येऊ लागले आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय पोर्ट लुईसच्या धक्क्यावर उतरले. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून आणि मद्रासहून आले. मुंबई बंदरातून आलेले दहांत एकही नव्हते. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली आपली माणसे त्या लहान हिश्श्यात होती. आपला समाज इथे सुरुवातीपासूनच संख्येने लहान होता, हे आधी लक्षात ठेवायला हवे. नंतर कोणी येऊन त्याला लहान केले नाही.

आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला आपले घर निवडायचे नव्हते. करार ज्या मळ्याशी झाला त्या मळ्याची छावणी हेच त्याचे घर. मात्र एकाच गावची, एकाच तालुक्याची माणसे कधी कधी एकाच मळ्यावर सापडत, आणि त्यालाही कारण होते. मुदत संपवून मायदेशी परतलेला मजूर किंवा सिरदार पुष्कळदा आपल्याच गावात जाऊन नवी माणसे जमवून आणत असे. भाऊ भावाला आणी, शेजारी शेजाऱ्याला. कास्कावेलसारख्या ठिकाणी मराठी घरे का एकवटली याचे मूळ अशा साखळ्यांत शोधावे लागते. रक्ताचे आणि गावाचे नाते मळ्याच्या गरजेला उपयोगी पडले, म्हणून ती वस्ती झाली.

१८६१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या सुमारे ३ लाख १० हजार होती आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ९२ हजार भारतीय होते. म्हणजे तीस वर्षांच्या आत एका बेटाचा चेहराच बदलून गेला होता. हा बदल त्या मजुरांनी ठरवून केला नव्हता. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना साखरेसाठी स्वस्त हात हवे होते. पण रस्त्यावर दिसत होते ते मजूर. मळेवाल्याची हिशेबवही कोणाला दिसत नव्हती. त्यामुळे त्या काळीही तक्रारीचे बोट मजुराकडेच वळले. आज आपण ज्या सुरात बोलतो तो सूर एके काळी आपल्याच पणजोबांविषयी लावला जात होता.

ताप आणि आगगाडी

प्लेन विल्हेम्सचा उंच भाग तेव्हा आजच्यासारखा गजबजलेला नव्हता. जंगल, थंडी, पाऊस आणि मधूनमधून मळे असा तो मुलूख होता. श्रीमंत आणि मध्यमवर्गीय माणसे पोर्ट लुईसमध्ये राहत. हे चित्र दोन गोष्टींनी पालटले आणि त्या जवळजवळ एकाच वेळी आल्या.

पहिली गोष्ट आगगाडी. १८६४ मध्ये उत्तरेकडची लाइन सुरू झाली. १८६५ मध्ये पोर्ट लुईसहून बो बासें, रोझ हिल, क्युरपिपमार्गे माएबुर्गकडे जाणारी लाइन सुरू झाली. दुसरी गोष्ट हिवताप. १८६६ पासून तो किनाऱ्यावर पसरला आणि १८६७ या एका वर्षात बेटावर तीस हजारांच्या आसपास माणसे त्याने नेली. म्हणजे साधारण दर दहा-अकरा माणसांमागे एक. किनाऱ्यावरचे पोर्ट लुईस त्यात होरपळून निघाले. ज्यांना परवडत होते ते उंचावरच्या थंड हवेकडे पळाले, आणि आगगाडी असल्यामुळे सकाळी शहरात कामाला जाऊन संध्याकाळी घरी परतणे त्यांना शक्य झाले. क्युरपिप, रोझ हिल, बो बासें ही उपनगरे अशी वाढली. भीतीने माणसे हलली आणि रुळांनी त्यांना दिशा दिली.

या स्थलांतरात गोरे आणि सधन क्रिओल वर चढले. त्यांच्यामागून त्यांचे नोकर, माळी, धोबी, गवळी, गाडीवान, भाजीवालेही आले आणि त्यांत भारतीय बरेच होते. एका समाजाच्या बंगल्यांच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या समाजाची झोपडी, ही प्लेन विल्हेम्सची जुनी रचना इथून सुरू झाली. इकडे पोर्ट लुईसमध्ये रिकाम्या झालेल्या घरांत आणि दुकानांत भारतीय आणि चिनी व्यापारी, कारागीर शिरले. पुढे १८९२ च्या चक्रीवादळात सुमारे बाराशे माणसे मेली आणि राजधानीचा मोठा भाग कोसळला. १८९९ मध्ये प्लेग आला. प्रत्येक संकटाने आणखी काही कुटुंबांना गाडीत बसवून वर पाठवले.

त्या तापाचा दोष अनेकांनी भारतीय मजुरांच्या माथी मारला होता, ही गोष्ट विसरू नये. ताप डासामुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी भारतात सिद्ध केले ते १८९७ मध्ये, आणि याच कामासाठी ते पुढे १९०७ मध्ये मॉरिशसला आले. म्हणजे तीस वर्षे संशय माणसांवर राहिला आणि डास मोकळा फिरला.

पास आणि जमीन

याच काळात आपली माणसे मात्र हवे तिथे जायला मोकळी नव्हती. १८६७ च्या मजूर कायद्याने, करार पूर्ण केलेल्या 'जुन्या स्थलांतरितांना' सुद्धा फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणे सक्तीचे केले. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात राहायला जायचे तर पोलिसांकडे नोंद करावी लागे. कागद नसेल तर भटक्या ठरवून पकडले जाई. सधन कुटुंब तापाला भिऊन एका दिवसात घर बदलू शकत होते, आणि आपला पणजोबा मात्र शेजारच्या जिल्ह्यातल्या भावाकडे जायलाही परवानगीच्या रांगेत उभा होता. कोण कुठे राहतो हे केवळ आवडीने ठरत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला नाही. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ यांनी हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला, त्यावरून रॉयल कमिशन आले, आणि त्यानंतर हा जाच हळूहळू सैल झाला.

पास सैल झाला त्याच सुमारास जमीनही विकायला निघाली. युरोपात बीटाची साखर वाढली, उसाच्या साखरेचे भाव उतरले आणि मळेवाले कर्जात आले. अनेक लहान गिरण्या बंद पडून थोड्या मोठ्या गिरण्या उरल्या. मळेवाल्यांनी कडेच्या, खडकाळ, लांबच्या जमिनी तुकडे करून हप्त्यांवर विकायला काढल्या. यालाच आपल्याकडे मोठे मॉर्सेलमाँ म्हणतात. १८८० च्या आसपास सुरू झालेली ही विक्री पुढची चाळीस वर्षे चालली. घेणारे होते सिरदार, जुने मजूर, गवळी, भाजी पिकवणारे. दागिने मोडून, भावाभावांनी पैसे एकत्र करून, कधी सिरदाराकडून उधार घेऊन एकेक अर्पां जमीन घेतली गेली. १९२० च्या दशकापर्यंत उसाच्या जमिनीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग भारतीय वंशाच्या लोकांच्या हाती आला होता.

या जमिनींवर खेडी उभी राहिली. छावणीतला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या जागेवर झोपला. वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये एका मराठी कुटुंबाने गणेश चतुर्थी साजरी केली आणि तीच या देशातली पहिली गणेश चतुर्थी मानली जाते. आज त्या सणाला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. हे वर्ष आम्हाला महत्त्वाचे वाटते, कारण दारात मांडव घालायला दार स्वतःचे असावे लागते. बैठका, झाकरी, गोंधळ, देऊळ हे सगळे छावणीतही थोडेफार होते, पण पाय रोवून उभे राहिले ते जमीन झाल्यावर. आपण ज्याला 'आपली वस्ती' म्हणतो ती या अर्थाने मॉर्सेलमाँने दिलेली आहे. दुसऱ्या समाजाने विकली, आपण घेतली. ज्या दिवशी ती आपली झाली त्या दिवशी कोणीतरी नक्कीच म्हणाले असेल की पूर्वी इथे आमची माणसे होती.

डीडीटी, वादळ आणि भीतीची वर्षे

दुसऱ्या महायुद्धानंतर बदलाचा वेग वाढला. १९४८ नंतरच्या डीडीटी फवारणीने हिवताप आटोक्यात आला आणि मुले जगू लागली. १९४४ च्या जनगणनेत बेटावर सुमारे ४ लाख १९ हजार माणसे होती, ती १९६२ मध्ये सुमारे ६ लाख ८१ हजार झाली. एका अर्पांवरचे एक घर तीन मुलांत वाटले गेले आणि अंगणात तीन घरे उभी राहिली. चौथ्याला जागाच उरली नाही. आपल्या कितीतरी घरांतले पहिले 'सोडून जाणे' असे घडले. त्या वेळी परका कोणी आलेला नव्हता. भाऊ वाढले होते, एवढेच. १९५६ मध्ये प्रवासी आगगाडी बंद झाली, तिची जागा बसने घेतली, आणि स्टेशनापासून लांबच्या जमिनीवरही घर बांधणे सोयीचे झाले.

मग १९६० साल आले. जानेवारीत अॅलिक्स आणि फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल, अशी दोन वादळे महिन्याभराच्या अंतराने आली. कॅरोलचे नाव घेतल्यावर आजही घरातली म्हातारी माणसे छताकडे पाहतात. पत्र्याची, लाकडाची, गवताची हजारो घरे उडाली. निवाऱ्यासाठी सरकारने गृहनिर्माण प्राधिकरण उभारले आणि उपनगरांच्या कडेला सिमेंटच्या घरांच्या ओळी बांधल्या. त्याच आपल्या 'सिते'. या घरांत मुख्यतः गरीब आणि बेघर झालेली कुटुंबे गेली. त्यांत क्रिओल पुष्कळ होते, कारण त्यांच्याकडे मॉर्सेलमाँच्या काळात घेतलेली जमीन क्वचितच होती. गुलामगिरीतून सुटलेल्यांना ना भरपाई मिळाली ना जमीन. भरपाई मिळाली ती मालकांना. सितेमध्ये एकाच समाजाची दाटी दिसते तेव्हा तिच्यामागे हा सव्वाशे वर्षांचा हिशेब असतो. आपल्या बोलण्यात 'सितेवाले' हा शब्द ज्या सुरात येतो, तो सूर हा हिशेब माहीत नसल्याचा आहे.

भीतीने घरे बदलल्याचीही उदाहरणे आपल्या देशात आहेत आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. १९६५ मध्ये आणि पुन्हा स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, दंगली झाल्या. पोर्ट लुईसमध्ये मिश्र वस्त्यांतली मुसलमान कुटुंबे एकीकडे आणि क्रिओल कुटुंबे दुसरीकडे गेली. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या मुलांना लपवल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत, आणि रातोरात रिकाम्या झालेल्या घरांच्याही. त्याच वर्षांत स्वातंत्र्याविषयी साशंक असलेली अनेक गोरी आणि क्रिओल कुटुंबे ऑस्ट्रेलियाला, फ्रान्सला, दक्षिण आफ्रिकेला निघून गेली. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यविरोधी पक्षाला पडली होती, यावरून त्या काळच्या भीतीचा अंदाज येतो. रोझ हिल, कात्र बोर्न, क्युरपिपमधली घरे विकायला निघाली. ती घेणाऱ्यांत शिक्षक, पोलीस, कारकून झालेले भारतीय वंशाचे लोक होते, आणि आपलेही होते. आपल्या काहींच्या घराला अजून जुन्या मालकाने लावलेला वर्‍हांडा आहे.

शाळा, कारखाना, मॉल

१९७० मध्ये निर्यात कारखान्यांचा कायदा झाला आणि पुढच्या दोन दशकांत कापडाचे कारखाने उभे राहिले. आपल्या आया, मावश्या, आत्या पहिल्यांदा पगार घेऊन घरी आल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. या दोन गोष्टींनी खेड्यातल्या मराठी मुलामुलींना जितके हलवले तितके दुसऱ्या कशानेही हलवले नाही. शिकलेला मुलगा मळ्याजवळ राहत नाही, तो नोकरीच्या बसमार्गावर घर पाहतो. नोकरी करणारी सून सासरच्या अंगणातल्या तिसऱ्या घरात मावत नाही. कास्कावेल आणि आजूबाजूच्या खेड्यांतून वाक्वा, कात्र बोर्नकडे, आणि तिथून लंडन, पॅरिस, मेलबर्नकडे अशी ही वाट गेली. मायदेशाहून इथे येताना भाऊ भावाला आणत असे, तशीच बहीण बहिणीला नेऊ लागली.

साखरेची कथाही संपत आली होती. २००१ च्या सुमारास स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत हजारो ऊस कामगारांना पैसे आणि घर बांधण्यापुरता जमिनीचा तुकडा देऊन मोकळे करण्यात आले. युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कमी केला आणि २००९ मध्ये जुना साखर करार संपला. मळ्यांच्या जमिनी पुन्हा एकदा विकायला निघाल्या. आता मात्र मॉल, कार्यालये आणि बंगले यांच्यासाठी. रोझ हिलशेजारच्या उसाच्या शेतांवर एबेनचे संगणकनगर उभे राहिले. फिनिक्स, बागातेलला मोठी दुकाने आली. पश्चिमेला तामारें आणि ब्लॅक रिव्हरकडे परदेशी लोकांना घर घेण्याची कायदेशीर मुभा मिळाली आणि फ्रान्स, दक्षिण आफ्रिका इथून लोक राहायला आले. कास्कावेलच्या वाटेवरही मॉल झाला. २०२० पासून मेट्रो धावू लागली. ती बऱ्याच ठिकाणी १८६५ च्या जुन्या आगगाडीच्याच वाटेने जाते, आणि जुन्या आगगाडीप्रमाणेच तिच्या थांब्यांजवळच्या जागांचे भाव आणि तिथली माणसे बदलू लागली आहेत.

आणि कारखान्यांत आता कोण आहे? आपल्या मुलींनी ते काम सोडले तेव्हा तिथे बांगलादेश, भारत, मादागास्कर, नेपाळ इथून माणसे आली. ठरावीक वर्षांचा करार, मालकाने दिलेले राहण्याचे ठिकाण, गावी पाठवायचे पैसे, एजंटाचे कर्ज, आणि रविवारी मोकळ्या हाताने बाजारात फिरणारी चारचार जणांची टोळकी. गिरमिटियांच्या वंशजांना हे चित्र कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. तरी आमच्याच सभेत त्यांच्याविषयी 'ही माणसे इथे कशाला' असे शब्द निघाले आहेत. ते शब्द आम्ही इथे लिहून ठेवतो, कारण इतिहासात आपले चांगले तेवढेच लिहायचे नसते.

मग आपण कमी का झालो?

वरचा सगळा हिशेब एकत्र मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. दीडशे वर्षांत प्लेन विल्हेम्समधल्या वस्त्यांचा चेहरा अनेकदा बदलला. पोर्ट लुईसच्या दंगलींसारखा अपवाद सोडला तर तो एका समाजाने दुसऱ्याला हुसकल्याने बदललेला नाही. तो ताप, रूळ, पासाचा कायदा, साखरेचा भाव, जमिनीची विक्री, वादळ, शाळा, पगार आणि व्हिसा यांनी बदलला. माणसे या कारणांच्या मागून गेली, आणि त्या माणसांत आपण नेहमी होतो.

'सगळी आपलीच घरे होती' हे वाक्यही जरा तपासावे लागते. ज्या रस्त्याविषयी ते बोलले जाते तिथली चार जुनी घरे आठवून पाहिली तर कोपऱ्यावर चिनी दुकान होते, पुढे तमिळ शिक्षक होते, पलीकडे क्रिओल शिवणकाम करणारी बाई होती. आपली घरे बरीच होती, पण सगळी नव्हती. आठवणीत ती सगळी झाली, कारण सणाला आपण फक्त आपल्याच दारांत गेलो.

संख्येचेही तसेच. समाज कोणता, हा प्रश्न जनगणनेत शेवटचा विचारला गेला तो १९७२ मध्ये. त्यानंतर धर्म आणि भाषा यांच्याच नोंदी होतात. म्हणजे आज 'मराठी' म्हणून आपण कागदावर दिसतो ते मुख्यतः भाषेमुळे. शेजारी कोण आहे यावर ती नोंद अवलंबून नाही. घरात कोणते शब्द बोलले जातात आणि 'पूर्वजांची भाषा कोणती' या प्रश्नाला आपली मुले काय उत्तर देतात, यावर ती अवलंबून आहे. प्राथमिक शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे, मोक्यातल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचेही शिक्षण आहे. वर्गात मूल पाठवायचे की नाही हा निर्णय कोणा नव्या शेजाऱ्याच्या हाती नाही. आपली वस्ती पांगली याचे दुःख खरे आहे. एका गल्लीत राहणारी मुले जी भाषा आपोआप उचलत ती आता मुद्दाम शिकवावी लागते. पण या दुःखाचे कारण चुकीच्या दारावर टाकले तर उपायही चुकतो.

उपायाचा विचार करताना आम्हाला वाटते की मंडळी पांगली असतील तर मंडळाने त्यांच्यामागे जावे. बैठक जुन्या गल्लीतच भरली पाहिजे असा हट्ट सोडून ती मेट्रोच्या थांब्याजवळ, शनिवारी, लहान मुलांच्या वेळेला भरवता येईल. झाकरीच्या सरावाला शेजारचे क्रिओल मूल येऊन उभे राहिले तर त्याला बसायला सांगावे. विसर्जनाच्या दिवशी वसतिगृहातले कामगार फाटकाबाहेर उभे राहून पाहतात. त्यांच्यातले काही आपल्या मायदेशाचे आहेत, बाकीचे आपल्या पणजोबांच्या वाटेने आलेले. त्यांना मोदक द्यायला कार्यकारिणीचा ठराव लागू नये.

शेवटी वाचकांना एक विनंती. महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. आपल्या पूर्वजाचा क्रमांक, जहाज, गाव आणि पहिला मळा तिथे सापडू शकतो, आणि पुढच्या काळातल्या काहींचा फोटोही. म्हणजे आपल्या घराण्याचा या देशातला पहिला पत्ता सरकारने लिहून ठेवला आहे. त्यानंतरचे पत्ते मात्र कोणीच लिहिलेले नाहीत. छावणीतून कोणत्या खेड्यात, खेड्यातून कोणत्या उपनगरात, तिथून कुठे, कोणत्या साली आणि कशासाठी, हे प्रत्येक घराने एका कागदावर उतरवावे. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारावे. 'कशासाठी' हा रकाना मोकळा सोडू नये. वादळ, वाटणी, नोकरी, लग्न, भीती, जे असेल ते खरे लिहावे. शक्य असेल तर आपण ज्याच्याकडून घर घेतले त्या कुटुंबाविषयी आणि आपले घर ज्याने घेतले त्याच्याविषयीही दोन ओळी लिहाव्यात.

असे शंभर कागद जमले तर पुढच्या स्मरणिकेत प्लेन विल्हेम्सचा खरा नकाशा छापता येईल. त्या नकाशात आपली घरे कुठे होती ते दिसेल, आणि आपल्या आधी व आपल्या नंतर तिथे कोण होते तेही दिसेल. ज्या पूर्वजांनी पासावाचून एक पाऊल टाकण्याची मुभा नसताना आपल्यासाठी जागा केली, त्यांचे स्मरण करण्याची ही आमच्या मते योग्य रीत आहे. कागद मंडळाच्या कोणत्याही सदस्याकडे द्यावेत. हस्ताक्षर कसेही असले तरी चालेल, आणि मराठीत जमत नसेल तर क्रिओलमध्ये लिहिलेलेही चालेल. मराठी आम्ही करून घेऊ.